दोन उन्हांच्या कुरडया आणि पंचवीस वर्षांचं धोरण

मी दिल्लीला महिनाभर राहून आले आणि कुतुबमिनार पाहिला नाही, हे ऐकून आमच्या भजनी मंडळातल्या बायकांनी टाळ खाली ठेवले. मग पाहिलंस तरी काय, असं एकीने विचारलं. मी म्हटलं, देशाचं पंचवीस वर्षांचं ऊर्जा धोरण तयार होताना पाहिलं. त्याला तिकीट लागत नाही, जोडेही बाहेर काढावे लागत नाहीत, फक्त अंगात स्वेटर हवा. मी गेले होते मे महिन्यात, त्यामुळे स्वेटर नेला नव्हता. ज्यांना पुढेमागे जायचं असेल त्यांच्यासाठी हे लिहून ठेवते आहे.

माझा धाकटा भाऊ विनय दिल्लीत सरकारी अधिकारी आहे. देशाने वीज जपून वापरावी आणि जग फार तापू नये, हे बघणं त्याच्या खात्याचं काम. मी कऱ्हाडच्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले, त्यामुळे त्याच्या कामाबद्दल मला कौतुकही होतं आणि संशयही. आमचे हे काही आले नाहीत. घर कोण राखणार, असं म्हणाले. खरं म्हणजे त्यांना मी नसताना हवं तेवढा वेळ कट्ट्यावर बसायचं होतं.

गुडगाव

विनय निजामुद्दीन स्टेशनवर घ्यायला आला होता. तो राहतो दिल्लीबाहेर, गुडगावात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काल-परवापर्यंत शेतं होती म्हणे. आता तिथे काचेच्या इमारती उगवल्या आहेत आणि मधूनमधून एखादी म्हैस आपलं शेत कुठे गेलं असा विचार करत उभी असते. आमच्याकडे घर बांधायचं म्हटलं की गवंडी पहिल्यांदा विचारतो, पश्चिमेची खिडकी लहान ठेवू ना? इथे पश्चिमेला भिंतच नाही, सगळी काच. ऊन आधी घरात घ्यायचं आणि मग त्याला बाहेर घालवायला एसी लावायचा. पाहुण्याला आग्रहाने बोलवून दारातून हाकलण्यातला हा प्रकार आहे, पण नव्या जमान्यात त्यालाच प्रगती म्हणत असावेत.

विनयच्या सोसायटीचं नाव इंग्रजीत होतं. त्यात हिरवळ होती, वनराई होती आणि झराही होता. फाटकाशी नियमांची पाटी होती, ती मी शिक्षिकेच्या सवयीने शेवटपर्यंत वाचली. गॅलरीत कपडे वाळत घालू नयेत. गॅलरीला पडदे, चटया, ताट्या लावू नयेत. भिंतीवर नळ्या, तारा दिसू नयेत. कारण विचारलं तर विनय म्हणाला, एलेव्हेशन बिघडतं. एलेव्हेशन म्हणजे इमारत बाहेरून कशी दिसते ते. महिनाभरात हा शब्द मी देवाच्या नावापेक्षा जास्त वेळा ऐकला.

माझी भावजय शलाका साताऱ्याकडची. मानेसरला मोटारीचे भाग बनवणाऱ्या कंपनीत हिशेबाचं काम करते, कंपनीच्या बसने जाते-येते. तिने मला मोठ्या अभिमानाने कपडे वाळवायचं यंत्र दाखवलं. बाहेर पापड भाजावा असं ऊन पडलेलं आणि आत विजेवर कपडे गरगर फिरत होते. मी यंत्राचं कौतुक केलं. पाहुणं म्हणून गेलं की पहिल्या दिवशी तेवढं करावं लागतं.

आता मुख्य माणसाबद्दल सांगते. जुई, माझी भाची, वय वर्षं सात, पुढचे दोन दात पडलेले. दिल्लीत वाढलेली, त्यामुळे मराठी बोलताना मधेच गाडी हिंदीच्या रुळावर जाते. पहिल्या दुपारी ती माझ्यासमोर जमिनीवर बसून कागदाची फुलं कापत होती. तेवढ्यात दिवा एकदा मिचकला. जुई उठली, खिडकीपाशी गेली, खिडकी लावून घेतली. खिडकीच्या कट्ट्यावर घडी करून ठेवलेला एक निळा टॉवेल उचलून तो खिडकीच्या फटीत नीट कोंबला आणि परत येऊन फुलं कापायला लागली. मला वाटलं, खेळ असेल. मग जमीन थरथरली, खालून घरघर सुरू झाली आणि टॉवेल कोंबलेला असूनही खोलीत डिझेलचा वास आला.

जुई खोकायला लागली. शलाकाने फ्रिजवरचा श्वासाचा पंप काढला आणि जुईने तो सवयीने तोंडाला लावला. मी खिडकीतून वाकून पाहिलं. विनयचं घर दुसऱ्या मजल्यावर, मागच्या बाजूला. बरोबर खाली खोलीएवढा पिवळा जनरेटर होता आणि त्याच्या धुराड्याचं तोंड या खिडकीच्या थोडंसंच खाली येऊन थांबलं होतं. बिल्डरने सगळ्यांना चोवीस तास वीज कबूल केली होती, सरकारी वीज मात्र अजून पुरेशी पोचली नव्हती. त्यामुळे दिवसातून कितीतरी वेळा वीज जायची आणि कितीतरी वेळा हे यंत्र सुरू व्हायचं.

आमच्या कऱ्हाडला भारनियमनाची वेळ झाली की गल्लीतून एकदम "गेले!" असा आवाज उठतो, माणसं बाहेर येतात, कट्टे भरतात. विजेने जाताना निदान सगळ्यांना सांगून तरी जावं. गुडगावात वीज गेल्याचं कुणाला कळतच नाही. दिवा एकदा डोळा मिचकावतो, एसी क्षणभर दम खातो, संपलं. ती गेल्याचं अख्ख्या इमारतीत फक्त जुईला कळायचं.

विनयने सोसायटीकडे अर्ज केला होता, धुराडं गच्चीच्या वरपर्यंत न्या म्हणून. अध्यक्ष खन्नासाहेब भला माणूस, प्रत्येक वेळी चहा पाजून सांगायचे की नळी भिंतीवरून नेली तर एलेव्हेशनचं काय? त्यातून सोसायटी ऊर्जा वाचवणाऱ्या इमारतींच्या पारितोषिकासाठी उभी होती. परीक्षक येऊन जाऊ देत, मग बघू. अर्ज आदल्या दिवाळीतला होता.

मी विनयला म्हटलं, लोका सांगे ब्रह्मज्ञान. तो म्हणाला, ताई, पुढचं म्हणू नकोस.

साहेबांच्या कचेरीत

तू दिवसभर करतोस तरी काय ते बघू दे, असा हट्ट धरला तेव्हा विनयने मला एकदा कचेरीत नेलं. दारातला शिपाई अर्ध्या बाह्यांचा स्वेटर घालून बसला होता. बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. आत ऊन येऊ नये म्हणून पडदे ओढलेले, पडद्यांनी अंधार होतो म्हणून दिवे लावलेले, दिव्यांनी आणि माणसांनी उकडू नये म्हणून एसी, आणि एसीने पाय गारठतात म्हणून एका बाईंनी टेबलाखाली छोटा हीटर ठेवलेला. इतका चोख बंदोबस्त मी कुठल्याच लग्नघरात पाहिला नाही.

विनयचे मोठे साहेब फार गोड स्वभावाचे. विज्ञान शिक्षिका आहे म्हटल्यावर त्यांनी मला चक्क बैठकीत मागच्या खुर्चीवर बसवून घेतलं, तळागाळातला माणूस हवाच म्हणाले. कऱ्हाड तळागाळात येतं हे मला तिथे कळलं. बैठक चालली होती पंचवीस वर्षांनंतरच्या लक्ष्यावर. विजेचा वापर कमी करावा, कमी करण्याचा प्रयत्न करावा की कमी करण्याच्या दिशेने वाटचाल करावी, यावर सामोसे येईपर्यंत चर्चा झाली. वाटचाल सर्वांना पसंत पडली.

जेवणाच्या सुट्टीत मी विनयला विचारलं की वापर कमी होणार म्हणजे नक्की काय होणार. त्याने समजावलं, वापर वाढणारच आहे, देश पुढे चाललाय. पण देशाची कमाई जितकी वाढेल तितक्या प्रमाणात वापर वाढू द्यायचा नाही. मी म्हटलं, म्हणजे वजन उतरवायचं नाही, उंची वाढवून बारीक दिसायचं. तो हसला. पण मग हळूच म्हणाला, की ताई, हेसुद्धा झालं तरी खूप आहे. त्याचा त्या कामावर मनापासून विश्वास होता, म्हणून मला पुढे थट्टा करवली नाही.

बैठकीत बसल्या बसल्या मी एक साधा हिशेब केला होता. पंचवीस वर्षांनी जुई बत्तीस वर्षांची असेल. त्या टेबलाभोवती बसलेली सगळी मंडळी तोवर निवृत्त होऊन नातवंडं खेळवत असतील. लक्ष्य गाठलं नाही म्हणून जाब विचारायला त्या दिवशी जाणार तरी कुणाकडे? मला वाटतं, पंचवीस हा आकडा फार विचार करून काढलेला असावा.

पानिपत

दिल्लीपर्यंत गेलेल्या मराठी माणसाने पानिपतला जायचं असतं, तसे आम्ही एका रविवारी गेलो. लढाईच्या जागेवर बाग आहे. विनयने जुईला इतिहास सांगायला सुरुवात केली, तर तिने विचारलं, "बाबा, आपण हारलो, तो फिर हम लोग यहाँ क्यों आए?" याचं उत्तर दोनशे-अडीचशे वर्षांत कुणाला सुचलेलं नाही.

गावात हातमागाची दुकानं ओळीने आहेत. कचेरीतली थंडी माझ्या हाडांत अजून बसलेली होती आणि विनयकडे झोपण्याच्या खोलीतही एसी. मी ऐन मे महिन्यात एक जाड घोंगडी विकत घेतली. दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला. पानिपतहून मराठी माणूस काही घेऊन परत आला, असं बहुधा पहिल्यांदाच घडलं असावं.

पण त्या दिवसाची माझ्या मनात राहिलेली गोष्ट वेगळीच. जुई बागेत दिवसभर पळत होती. एका पोरीच्या मागे, मग कुत्र्याच्या मागे, मग कुणाच्याच मागे नाही, उगाच. उन्हाने लाल झाली, घामाने भिजली, पण एकदाही खोकली नाही. शलाका बाकावर बसून तिच्याकडे नुसती बघत होती. पंप तिच्या पर्समध्ये होता आणि पर्स तिने घट्ट धरून ठेवली होती. परत येताना गाडी सोसायटीच्या फाटकातून आत वळली तेव्हा जुईने आपली आपण गाडीची काच वर केली.

कुरडया

शलाकाने एकदा बोलता बोलता म्हटलं होतं की लग्नानंतर ताजा चीक खाल्लाच नाही. मी सोऱ्या बरोबर नेलेलाच होता. मे महिना, दिल्लीचं कोरडं खडखडीत ऊन आणि पंजाबचा टपोरा गहू. असा योग सोडून कुतुबमिनार बघत बसणारी मी नव्हे. गहू भिजत घातला.

ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको, पण कुरडयांचा गहू तीन दिवस भिजतो, रोज पाणी बदलावं लागतं, आणि तिसऱ्या दिवशी त्याला जो आंबूस वास सुटतो तो आपल्याला माहेरचा वाटतो. शेजाऱ्यांना तो वाटला नाही. मी पातेलं गॅलरीत ठेवलं होतं. दुपारच्या जेवणाआधीच चौकीदार दारात हजर, की बदबूची तक्रार आली आहे. मी त्याला म्हटलं, अरे बाबा, खाली डिझेलचा धूर निघतो त्याची तक्रार दिवाळीपासून पडून आहे, आणि माझ्या गव्हाची एका सकाळीत निकाली निघते, तुमचा कारभार मोठा चपळ आहे. तो बिहारकडचा. गव्हात डोकावून म्हणाला, माताजी, हमारी अम्मा बड़ी सुखाती है. बड़ी म्हणजे आपले सांडगे. मग गच्चीची किल्ली मिळायला फार बोलावं लागलं नाही.

आमच्याकडे उन्हाळ्यात गच्ची कुणा एकाची नसते. ज्याचं वाळवण त्याची गच्ची, आणि कावळे हाकायला सगळ्यांची पोरं. त्या हिशेबाने मी चीक शिजवून, डोक्यावर पातेलं घेऊन, जुईला काठी देऊन वर गेले. वर पाहते तर काय, उन्हाकडे तोंड करून तिरप्या ठेवलेल्या काळ्या काचेच्या पेट्या, ओळीच्या ओळी. उन्हावर पाणी तापवायचं यंत्र! मला इतका आनंद झाला की खन्नासाहेबांबद्दलचं मत मी तिथल्या तिथे बदललं.

मग शिक्षिकेचा हात स्वस्थ बसेना. पेटीतून निघालेली नळी वाजवून पाहिली, पोकळ. तिच्या मागे मागे गेले तर भिंतीपाशी पोचल्यावर नळीच्या तोंडाला टोपण. कुठे काही जोडलेलंच नव्हतं. घरोघरी अंघोळीचं पाणी विजेच्या गीझरवर तापत होतं आणि या पेट्या वर उन्हात नुसत्या शोभेला पडल्या होत्या. पण काच स्वच्छ, तिरपी, कडकडीत तापलेली, जमिनीच्या धुळीपासून वर. कुरडयांना याहून चांगली जागा त्रिभुवनात मिळाली नसती. मी शलाकाच्या जुन्या सुती साड्या पेट्यांवर ताणून बांधल्या आणि त्यांच्यावर कुरडया घातल्या. जुईने आयुष्यात पहिल्यांदा चीक खाल्ला, तूप-मीठ घालून, वाटीभर. "आत्या, ये तो बहुत मस्त आहे," म्हणाली आणि कबुतरांवर काठी घेऊन धावली.

पहिलं ऊन असं पार पडलं, वारा उलटा असल्याने धूरही वर आला नाही. कुरडया चांदीसारख्या दिसत होत्या. त्यातल्या वाळल्या तेवढ्या डब्यात भरल्या, उरलेल्या चिकाच्या दुसऱ्या दिवशी घातल्या. आणि त्या दुसऱ्या उन्हातच, आम्ही दोघी वर असताना, पारितोषिकाचे परीक्षक आले.

परीक्षकांचे प्रमुख निघाले विनयचे मोठे साहेब. विनय कागदांची पिशवी घेऊन त्यांच्यामागे. साहेबांबरोबर जायचंय हे त्याला माहीत होतं, कुठे ते फाटकात शिरल्यावर कळलं. खन्नासाहेब पुढे होऊन हात पसरून म्हणाले, "और ये है सर, हमारा सोलर..." आणि थांबले. सोलरवर शलाकाच्या साड्या होत्या, साड्यांवर कुरडया होत्या, आणि मध्ये काठी घेऊन दात पडलेली जुई उभी होती.

विनय आपल्या बुटांकडे बघत होता. साहेबांनी मला ओळखलं, नमस्कार केला आणि हे काय आहे म्हणून विचारलं. मी माझ्या हिंदीत सांगून टाकलं, "साहब, इन पेटियों में पाणी आता ही नहीं, नळी जोडी ही नहीं है. धूप फुकट जा रही थी. मैंने कुरडया डाल दी."

खन्नासाहेबांचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. मला वाटलं, आता पारितोषिक गेलं. साहेबांनी एक कुरडई उचलली, तुकडा मोडून तोंडात टाकला, चावला. मग त्यांचे डोळे चमकले. ही तर आपली परंपरागत सौरऊर्जा, म्हणाले, शून्य वीज! फोटोवाल्याला पुढे बोलावलं. खन्नासाहेबांच्या चेहऱ्यावर रंग परत आला आणि गॅलरीत रुमाल वाळत घातला तर नोटीस पाठवणारा तो माणूस छाती काढून म्हणाला, सर, वाळवणाची ही सोय आम्ही सर्व रहिवाशांना देणार आहोत. नळीचा विषय तिथेच वाहून गेला.

तेवढ्यात खालून ती घरघर सुरू झाली. वीज गेली होती. जुईने इकडेतिकडे पाहिलं. गच्चीवर लावायला खिडकी नव्हती. तिने फ्रॉकचा घेर वर ओढून नाक झाकलं. कठड्यावरून काळा लोट वर आला आणि पांढऱ्या कुरडयांवर काजळीचे ठिपके बसायला लागले. साहेबांनी रुमाल काढला. जुई खोकत होती, आणि आता माझ्याच्याने राहवलं नाही. मी म्हटलं, "साहब, कुरडया जाऊ द्या, इसको देखिए. इसकी खिड़की के नीचे ये धुआँ रोज़ आता है. नळी दोन मजले वर चढाइए, बस. पंचवीस साल में नहीं, इसी हफ़्ते."

साहेब खरोखर हलले. खाली बसून त्यांनी जुईच्या डोक्यावरून हात फिरवला, वय विचारलं. त्यांचे डोळे पाणावले होते, ते मी पाहिलं. मग उठून विनयला म्हणाले, "विनय, यह बहुत गंभीर बात है. इसको चैप्टर में डालो. जनरेटर का धुआँ और बच्चों की सेहत. पूरा एक पैराग्राफ़."

विनयने वही काढून लिहून घेतलं. मग सगळे चहाला खाली क्लबच्या खोलीत गेले, कारण तिथे एसी चालू होता.

पारितोषिक मिळालं. पंधरवड्यात फाटकाशेजारच्या भिंतीवर संगमरवरी फलक बसला, त्यावर सूर्य कोरलेला, अक्षरं सोनेरी. मी खन्नासाहेबांना विचारलं, एवढा मोठा दगड लावल्यावर एलेव्हेशन नाही का बिघडत? ते म्हणाले, नहीं दीदी, इससे तो बढ़ता है. धुराड्याचं विचारलं तर म्हणाले, आता तर मुळीच हात लावता येणार नाही, इमारत जशी पाहिली तशीच राहिली पाहिजे, पारितोषिकाची अटच आहे ती.

माझं परतीचं तिकीट जवळ आलं होतं. संध्याकाळी विनय माझ्या खोलीत येऊन बसला. बराच वेळ पानिपतच्या घोंगडीच्या दशा विंचरत राहिला, लहानपणी आईच्या पदराशी करायचा तसा.

"ताई, जुईला घेऊन जा."

"सुट्टीपुरती?"

"माहीत नाही." मग म्हणाला, "मला पुढच्या पंचवीस वर्षांचं लिहिता येतं गं. या महिन्याचं काही करता येत नाही."

दुसरं घर का बघत नाहीस, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण अशी घरं त्यांनी पाहिली होती, आणि प्रत्येक इमारतीच्या मागे एक पिवळं यंत्र कुणाच्या ना कुणाच्या खिडकीखाली होतंच. शलाका दारात उभी होती. तिच्या हातात यंत्रातून काढलेले जुईचे गरम कपडे होते. ती आत येऊन बॅगेपाशी बसली. एकेक फ्रॉक मांडीवर ठेवून हाताने इस्त्री करावी तसा सारखा करत होती आणि बॅगेत ठेवत होती. भरून झाल्यावर जुईने स्वतः एक निळी घडी सगळ्यांच्या वर ठेवली. गाडीत तोंड पुसायला असेल, असं मला वाटलं.

कऱ्हाड

येऊन आता दहा-बारा दिवस झाले. काजळी बसलेल्या कुरडया गुडगावातच टाकून द्याव्या लागल्या, पण पहिल्या उन्हाच्या शाबूत आल्या. आमच्या ह्यांनी तळून खाल्ल्या आणि दिल्लीचं ऊन चांगलं असतं असा शेरा दिला. विनयचा फोन अधूनमधून येतो. परवा म्हणाला की परिच्छेद मंजूर झाला, साहेबांनी शब्दही बदलू दिला नाही. फक्त पंचवीस वर्षं कमी पडतील असं वरून आल्यामुळे तीस केली आहेत. मग शलाकाने फोन घेतला आणि विचारलं की शाळा उघडायला आल्या, दाखला पाठवून देऊ का. मी म्हटलं, पाठव.

पण मला सांगायचंय ते आम्ही पोचलो त्या पहिल्या संध्याकाळचं. मी स्वयंपाकघरात होते, हे बाहेर कट्ट्यावर. भारनियमनाची वेळ झाली आणि दिवे गेले. गल्लीतून नेहमीसारखा "गेले!" असा आवाज उठला. मी जुईला बाहेर बोलावलं तर ओ नाही. माजघरात गेले तर खिडकी बंद, आत घुसमटून उकडत होतं, आणि जुई अंधारात चवड्यांवर उभी राहून खिडकीच्या फटीत तो निळा टॉवेल कोंबत होती. मला रडू आलं, ते मी आवरलं नाही. अंधार होता, दिसणार नव्हतं.

"आत्या, आवाज का नाही येत?" तिने विचारलं. "जनरेटर कब चालू होगा?"

"इथे नसतो गं जनरेटर. दिवे यायचे तेव्हा येतील."

ती कान देऊन उभी राहिली. बाहेर माणसं बोलत होती, कुणीतरी हसत होतं, दुसरा कसलाच आवाज नव्हता.

"मग खिडकी?"

"इथे दिवे गेले की खिडकी उघडतात," मी म्हटलं.

तिने टॉवेल ओढून काढला. खिडकी आधी बोटभर उघडली, फटीला नाक लावून वास घेतला, पुन्हा एकदा घेतला, आणि मग दोन्ही दारं भिंतीला टेकेपर्यंत ढकलली.